सासूच्या पोटातून निघालेलं कापड

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं रोज एका छपराखाली बसली, हात कामात गुंतलेले आणि तोंडं मोकळी असली, की ते आपोआप साचत जातात. आमच्या कामरगावच्या केंद्रात तर कामच असं होतं, की हाताला फुरसत नाही आणि तोंडाला कुलूप नाही. आता मी अकोल्यात लेकाकडे राहते. नातवंडांच्या संगतीनं माझी भाषा जराशी शुद्ध झाली आहे. पण गंगूबाईचं नाव निघालं की शुद्ध आपली चुलीत जाते, हे आधीच सांगून ठेवते.

केंद्र म्हणजे बाजाराच्या मागचं एक टिनाचं शेड. तिथं आम्ही चिंध्यांचा पुन्हा कापूस करायचो, त्या कापसाचं सूत काढायचो आणि सुताचं कापड विणायचो. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. यशवंतमास्तर म्हणून एक सडाफटिंग माणूस वर्ध्याकडून झोळी घेऊन आला आणि आमच्या गावात राहिला. शाळेत एक दिवस शिकवलं नाही, पण गावानं मास्तर म्हटलं ते कायमचं.

मास्तरांनी पहिल्या दिवशी पारावर सगळ्यांना समजावून सांगितलं, "आपला कापूस गाठी बांधून बाहेर जातो. कापड होऊन परत येतो. ते फाटलं की आपण उकिरड्यावर टाकतो. का टाकायचं? फाटलं तरी तो कापूसच आहे ना?"

गर्दीत गंगूबाई उभी होती. आमच्या गावात तिच्याइतकी तोंडाळ बाई नव्हती आणि तिच्याइतकी कामाची पण नव्हती. ती म्हणाली, "कापसाच्या मुलखात येऊन चिंध्या येचून राह्यला हा मानूस. विहीर सोडून दव चाटाचं म्हंते."

दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्यात आधी तीच हजर होती.

*

चिंध्या फोडायचं यंत्र मास्तरांनी गावातल्या सुताराकडून करून घेतलं होतं. एक लाकडी ढोल, त्यावर सगळीकडून खिळे, बाजूला फिरवायचा दांडा. धुऊन वाळवलेल्या चिंध्या एका बाजूनं घालायच्या, दुसऱ्या बाजूनं पिंजारलेला भुसभुशीत कापूस निघायचा. यंत्र दिवसभर कुरकुर करायचं, जरा लक्ष चुकलं की बोटाला चावायचं आणि कितीही घातलं तरी पोट भरायचं नाही. आम्ही सगळ्या सुना. आम्ही त्याचं नाव सासू ठेवलं.

"आज सासू उपाशी हाये व, टाक काही." असं आमचं चालायचं.

हे गंगूबाईला लागलं, कारण आमच्यात सासू झालेली ती एकटीच. "माह्यासारखी सासू भेटाले नशीब लागते," ती म्हणाली. "त्या लाकडाले माहं नाव कायले?"

कोपऱ्यात रहीमचाचा बसलेले असायचे. ते पिंजारी. सासूतून निघालेला कापूस तोकड्या धाग्याचा असतो, त्यात थोडा नवा कापूस मिसळून ते धनुकलीनं पिंजायचे, म्हणजे सूत तुटत नसे. चाचा मान वर न करता म्हणाले, "तुमचं नाव नाई देल्लं गंगूबाई. ते यंत्र मधामधात बंद बी राह्यते."

त्या दिवशी गंगूबाई खरंच संध्याकाळपर्यंत बोलली नाही. चाचांनाच करमेना. शेवटी त्यांनीच तिला पान देऊन बोलतं केलं.

*

यंत्र आलं, पण चिंध्या कुठून आणायच्या? शिंप्याचं कात्रण किती पुरणार? घरातलं जुनं लुगडं बायका बोहारणीला देत आणि तिच्याकडून भांडं घेत. शिवाय आपल्या अंगावरचा कपडा परक्याच्या हाती गेला तर कोणी त्यावर करणी करील, ही भीती होतीच.

मास्तर झोळी घेऊन दारोदार हिंडू लागले. "जुनी चिंधी असली तर द्या," म्हणायचे. पहिल्याच घरी म्हातारीनं त्यांच्याकडे वरून खाली पाहिलं, डोळ्यांत पाणी आणलं, आणि म्हणाली, "चांगल्या घरचा दिसते रे लेकरा. काय पाळी आली तुह्यावर? बस, आधी जेव." मास्तर नको नको म्हणत असताना तिनं ज्वारीची भाकर आणि झुणका वाढला. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तर पुरण होतं.

महिनाभरात मास्तरांचं पोट सुटलं आणि झोळी होती तशीच राहिली.

मग गंगूबाईनं त्यांना समोर बसवून शिकवलं. "मागाची बी रीत असते मास्तर. उभ्या उभ्या मागू नका, बसा आधी. झोळी पुढं करू नका, हात पुढं करा. झोळी पाह्यली का मानसाले भिकारी दिसते. हात पाह्यला का आपला कोनी वाटते. अन् आधी घरातल्या लेकराचं नाव इचारा."

मास्तर तसे वागू लागले आणि चिंध्यांची बोचकीच्या बोचकी यायला लागली. कामरगाव झालं, मग आसेगाव, मग पार तिकडे केनवडपर्यंत मास्तर बैलगाडी घेऊन जायचे. कोणत्या घरात कोणतं लेकरू आहे हे त्यांना तलाठ्यापेक्षा जास्त माहीत झालं.

एकदा रहीमचाचा कापूस पिंजता पिंजता थांबले. त्यांनी तो हातात घेतला, उजेडात धरला, वास घेतला. मग हळूच म्हणाले, "हा तं माहा कुडता हाये." मास्तर आदल्या आठवड्यात चाचांच्या घरी गेले होते आणि चाचींनी त्यांचा लाडका हिरवा कुडता चिंधी म्हणून देऊन टाकला होता. चाचा त्या कुडत्याला ईदलासुद्धा सोडत नसत.

"अर्धा दिवस झाला," चाचा म्हणाले, "मी माहीच पाठ पिंजून राह्यलो."

*

कापड मात्र झालं. आमचा विणकर भिकू कोष्टी. त्याच्या मागावरून पहिला ताका उतरला तेव्हा आम्ही सगळ्यांनी हात लावून पाहिला. जाडंभरडं होतं, ढगाळ रंगाचं होतं, पण कापड होतं. मास्तरांचे डोळे भरून आले.

"गंगूबाई, पहिलं लुगडं तुम्हाला," ते म्हणाले.

गंगूबाईनं हात मागं घेतला. "मले नाई पाह्यजे. कोनाच्या आंगावरचं, कोन्या दुखन्यातलं, कोनी मेल्याचं, काय मालूम? इनून देईन, पिळून देईन, पण माह्या घरात हे कापड येनार नाई. गंगीचा शब्द हाये."

राग यावा असं बोलली, पण मनातलं बोलली. आमच्यापैकी एकीनंही ते कापड घरी नेलं नव्हतं. मी पण नाही. बाजारात मांडलं की लोक हात लावून पाहायचे, बरं आहे म्हणायचे आणि पुढं जायचे.

मास्तरांचा जीव तिथं अडकला होता. केंद्राला पैसा देणारं एक मंडळ होतं. त्याचे साहेब अकोल्याहून तपासणीला यायचे. इस्त्रीचा बुशकोट, पांढरा रुमाल, कमी बोलणं. एकदा त्यांनी सगळं पाहिलं आणि मास्तरांना शांतपणे म्हणाले, "तुमच्या गावची माणसं जे घालत नाहीत ते मी कुठल्या गावी पाठवू? पोळ्यापर्यंत बघा. गावात कोणी घालत नसेल तर केंद्र बंद करावं लागेल."

सगळे गप्प. गंगूबाईला अशी शांतता सोसवत नाही. पाण्याचा गडवा पुढं करत तिनं विचारलं, "साहेब, लेकरं किती तुमाले?"

साहेबांनी गडवा तसाच खाली ठेवला. "टांगा आला का?" म्हणाले आणि उठले.

"लय ताठ मानूस हाये," गंगूबाई म्हणाली.

*

दुसरं कोणी घालत नाही म्हटल्यावर मास्तरांनी स्वतःच त्या कापडाचा सदरा शिवला आणि रोज तोच घालू लागले. अंगाला टोचायचा. मास्तर बोलता बोलता पाठ खांबाला घासायचे, आणि लोक म्हणायचे, मास्तरांना आज विचार सुचून राह्यला.

एकदा आठवडी बाजारात त्यांनी भाषण दिलं. "हे कापड कमजोर आहे असं कोण म्हणतं?" असं म्हणून त्यांनी हात जोरात वर केला, आणि सदरा काखेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटला. अख्खा बाजार हसला.  मास्तरांनी तो सदरा तिथंच काढून माझ्या हातात दिला.

"शांताबाई, सासूला द्या. आठ दिवसांनी परत भेटू."

आणि खरंच पुढच्या बाजारात त्याच सदऱ्याचा दुसरा सदरा घालून उभे राहिले. असा माणूस.

*

भिकूचं सांगायचं राहिलंच. त्याच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. तेव्हा हा झाला तशी त्याच्या आईनं पाच घरी जाऊन चिंध्या मागून आणल्या आणि त्याचं पहिलं अंगडं त्या चिंध्यांचं शिवलं. आमच्याकडे रीत आहे तशी. नेणाऱ्याला वाटावं, हे लेकरू कोणाच्या नवसाचं नाही, असंच कुठलं तरी मागून आणलेलं आहे. म्हणून नावही भिकू.

भिकूनं या गोष्टीचा जन्मभर फायदा घेतला. त्या पाच घरांपैकी कुठंही लग्न असो, बारसं असो, हा पहिल्या पंगतीला. "मी या घरचा हाये. इचारा माह्या मायले." वाढणारे थकायचे. एका वर्षी त्यातल्या एका घरात वाटण्या झाल्या, तर हा धुतलेलं धोतर नेसून तिथंही जाऊन बसला.

"तुले काय पाह्यजे?" मोठ्या भावानं विचारलं.

"काही नाई," भिकू म्हणाला. "माहा टोपड्याएवढा तुकडा हाये तुमच्यात. कोन्या भावाकडं जेवाले येत जाऊ तेवढं सांगा."

दोघं भाऊ हसले. सकाळपासून ते एकमेकांशी बोलले नव्हते. त्यांनी त्याला दोन्ही घरी वार लावून दिला.

*

त्याच सुमारास निवडणूक झाली. निकाल लागला तसे सगळ्या पक्षांचे झेंडे आणि फलक मास्तर गोळा करून घेऊन आले. सासूनं आठवडाभर तेच खाल्लं. चाचांनी सगळं एकत्र पिंजलं आणि भिकूनं त्याची मोठी सतरंजी विणली. ती ग्रामपंचायतीनं घेतली. आमचा पहिला मोठा सौदा तो. पांघरायला नाही, पण बसायला आमचं कापड चालत होतं.

पहिल्याच सभेत पडलेले उमेदवार भाऊराव येऊन बसले. सतरंजीवर हात फिरवत म्हणाले, "यात माह्या झेंड्याचा रंग कुठं दिसत नाई."

चहा घेऊन गेलेली गंगूबाई म्हणाली, "खाली हाये ना बाप्पा. तुमी त्याच्यावरच तं बसले."

*

पोळा आला. साहेब येणार म्हणून मास्तरांना झोप नाही. आम्हाला सांगितलं, काळजी करू नका, या वेळी गावात आपलं कापड दिसेल. कसं दिसणार ते सांगेनात.

साहेब आले. मास्तर त्यांना थेट वेशीवर घेऊन गेले. तोरणाखाली गावातले सगळे बैल उभे होते. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं, आणि पाठीवर आमच्या कापडाच्या झुली. मास्तरांनी महिनाभर घरोघर जाऊन, बसून, हात पुढं करून शेतकऱ्यांना त्या घ्यायला लावल्या होत्या. ढगाळ रंगाला बायकांनी आरसे आणि कवड्या लावल्या होत्या, खोटं कशाला सांगू, देखणे दिसत होते बैल.

साहेबांनी एका झुलीचा काठ बोटांत धरून पाहिला. ओठाच्या कोपऱ्यात हसल्यासारखं झालं.

"बैलांचं झालं मास्तर," म्हणाले. "आता माणसाचं सांगा. दिवाळीला येतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

टांगा गेला. मास्तर तिथंच दगडावर बसले. मी त्यांना तसं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला स्वतःची लाज वाटत होती, कारण माझ्या अंगावर बाजारातून घेतलेलं गिरणीचं लुगडं होतं. तरी मी घरी जाऊन ते बदललं नाही. बदलून नेसायला काय हवं ते मला माहीत होतं, पण हात होईना.

*

गंगूबाईची सून वत्सला तेव्हा दिवसात होती. हे तिचं तिसरं. आधीची दोन्ही लेकरं महिन्याच्या आत गेली होती. गंगूबाईच्या तोंडाला घाबरणारं गाव याबद्दल तिच्यासमोर चकार शब्द काढत नसे. दसऱ्याच्या आधी वत्सला बाळंत झाली, मुलगा झाला, आणि गंगूबाई कामावर यायची बंद झाली. सासू फिरत होती, पण शेडमध्ये आवाज नव्हता.

पाचवीच्या दिवशी दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, पाय अनवाणी. मास्तर उठले.

"या गंगूबाई. बाळ कसं आहे?"

ती आत आली आणि मास्तरांच्या समोर जमिनीवर बसली. बसून तिनं दोन्ही हात पुढं केले.

"मास्तर, हातभर कापड द्या. सासूच्या पोटातलं."

मास्तर गडबडले. "अहो घ्या की. एवढं सगळं तुमच्याच हातचं आहे. मागता काय?"

"घेतलेलं चालत नाई," ती म्हणाली. "मागितलेलंच लागते."

चाचांच्या सगळ्यात आधी लक्षात आलं. त्यांनी धनुकली खाली ठेवली. "पाच घरची रीत हाये ना गंगूबाई?"

"मागच्या डावी पाच घरं मागितली चाचा. लेकरू नाई राह्यलं. पाचानं भागत नाई माह्या घरी." मग ती मास्तरांकडे वळली. "तुमच्या या कापडात किती घरं हायेत?"

मास्तर सांगू लागले. कामरगाव, आसेगाव, केनवड, मधली सगळी खेडी. पाटलाचं घर, महारवाडा, मोमीनपुरा, शिंप्याचं कात्रण, चाचांचा कुडता. सांगता सांगता त्यांनी बोटांवर मोजायचं सोडून दिलं. "मोजता यायची नाहीत," म्हणाले.

"मंग द्या," गंगूबाई म्हणाली. "जो न्याले येईन त्याले बी मोजता याची नाईत. कोन्या घरचं लेकरू म्हनून नेईन मंग तो?"

भिकूनं सगळ्यात मऊ ताका काढला, जुन्या धोतरांचा, घासून घासून रेशमासारखा झालेला. त्यातून हातभर तुकडा कापला. मास्तरांनी तो तुकडा तिच्या हातांवर ठेवला. गंगूबाईनं तो कपाळाला लावला आणि उठून गेली. त्या संध्याकाळी घरी जाताना आम्ही सगळ्या जणी रडलो. मी दुसऱ्या दिवशी त्या कापडाचं लुगडं घेतलं. अजून सांगते, टोचायचं.

*

दिवाळीला साहेब आले. बोलल्याप्रमाणे आले, आणि शेडमध्ये येऊन उभे राहिले. मास्तरांनी माझ्या अंगावरच्या लुगड्याकडे बोट करायला हात उचलला, तेवढ्यात गंगूबाई आत आली. खांद्यावर लेकरू. महिना उलटून गेला होता, आणि ते हातपाय झाडत होतं. अंगात ढगाळ रंगाचं अंगडं, डोक्यावर त्याच कापडाचं टोपडं.

"मानूस पाह्यजे होता ना साहेब," ती म्हणाली. "हा पाहा मानूस."

साहेबांनी वाकून पाहिलं. "नाव काय?"

"चिंधू."

ते नाव ऐकून साहेब सरळ झाले नाहीत. वाकलेलेच राहिले. बाळानं त्यांचं बोट धरलं होतं. त्यांनी विचारलं, "याच्या आधी?"

"दोन. नाई राह्यले."

साहेबांनी बोट सोडवून घेतलं. तपासणीची बॅग उघडली नव्हती, ती तशीच उचलली आणि मास्तरांशी एक शब्द न बोलता टांग्यात जाऊन बसले. टांगा रस्त्यावरच्या चिंचेपर्यंत गेला. आम्ही सगळे दारात. मास्तर म्हणाले, "झालं, संपलं." 

चिंचेखाली टांगा थांबला. साहेब उतरले आणि पायी परत आले. दारात उभे राहिले, मास्तरांसमोर. खिशातून तो पांढरा रुमाल काढला, उघडला, आणि दोन्ही हातांत धरून पुढं केला. "घरी दिवस आहेत," म्हणाले. "आधीचं एकही राहिलं नाही."

मास्तरांना काय करावं कळेना.  गंगूबाईनं चिंधूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि पायानंच एक बसकर पुढं सरकवलं.

"रुमाल ठेवा खिशात, साहेब," ती म्हणाली. "बसा आधी. अन् हात पुढं करा."